रोटाचे गहू आणि सहावी उडी

श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते, त्याच्या आदल्या दिवशी धुळ्यात माझ्या भावाच्या गिरणीत बाजरी दळत नाहीत. सकाळी दगड पुसतात, मोटरीला कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि मग दिवसभर फक्त रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे गहू. घरात जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही धरायची आणि बाहेरगावी असलेल्याचीही. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत पीठ संपवायचं. मी लेक, जळगावला दिलेली, म्हणजे आमच्या रिवाजाने बाहेरची. दरवर्षी सुट्टी काढून जाते, भाज्या निवडते, डाळ शिजवते आणि रोट न खाता परत येते. याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पुरणपोळी मिळते.

त्या वर्षी मात्र जायची इच्छा नव्हती. भावाचा मुलगा, माझा भाचा, पूर्वेकडच्या एका देशात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लांब उडीच्या अंतिम फेरीत पोचला होता. ती फेरी नेमकी शनिवारी दुपारी, दळणाच्या गर्दीत होती. सगळ्यांना आनंद होता. मला नव्हता, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि तिथे बसून ती गिळायची होती.

मी जळगावात हाडांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. प्लास्टर, टाके, ड्रेसिंग आणि रडणाऱ्या माणसांच्या नातेवाइकांना गप्प करणं यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. म्हणूनच त्याने मला फोन केला, बापाला नाही. पात्रता फेरीत उडी घेताना डाव्या मांडीत मागून काहीतरी ओढलं गेलं होतं. डावा म्हणजे तो ज्या पायावर फळीवरून उठतो तोच. मी विचारलं, नुसतं दुखतंय की टोचल्यासारखं झालं. तो म्हणाला, कोणीतरी मागून खडा मारल्यासारखं. मला ते उत्तर आवडलं नाही. संघाच्या डॉक्टरला हेच शब्द सांग म्हटलं. त्याने सांगितलंही, पण खडा वगळून. डॉक्टरने दाबून पाहिलं, पट्टी बांधली आणि निर्णय तुझा म्हणाला.

त्याची अडचण मला समजत होती. अंतिम फेरीत बारा जण. प्रत्येकाला तीन उड्या. त्यातले पहिले आठ पुढच्या तीन उड्यांसाठी राहतात, बाकीचे चार सामान उचलतात. सराव शिबिरातून त्याला एकदा काढलेलं होतं, दुसऱ्यांदा घेतलं तेव्हाच बजावलं होतं की मोठ्या स्पर्धेत आठात दिसलास तर जागा राहील, नाहीतर घरी. घरी म्हणजे गिरणी. वय सव्वीस. आठात आला नाही तर शिबिर गेलं, आणि आठात येताना स्नायू पुरता फाटला तर पायच गेला.

मी त्याला उडी मारू नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याने फोन ठेवला असता आणि सहाच्या सहा मारल्या असत्या. मी एकच अट घातली. आठात आलास की थांबायचं, उरलेल्या उड्या सोडून द्यायच्या. लांब उडीत तसं करता येतं, पंचांना सांगितलं की त्या पाळीपुरतं नाव पुढे जातं. त्याने कबूल केलं. बाबांना सांगू नको म्हणाला. ते मीही सांगणार नव्हतेच. माझ्या भावाने फोन करून ओरडाआरडा केला असता आणि त्या आवाजानंतर माणूस धड चालू शकत नाही, उडी लांबच.

तर शनिवारी सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचले. गिरणीत शेजारच्या मारवाडी किराणावाल्याने आपल्या दुकानातला टीव्ही आणून भिंतीवर चढवला होता. कानबाई त्यांची नाही, पण पोरगा गल्लीचा. गिरणीच्या आवाजात टीव्हीचं काही ऐकू येत नव्हतं. नुसती चित्रं. बायका डबे ओळीने लावून पायरीवर बसल्या होत्या. आमचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणतात, खुर्ची टाकून अगदी टीव्हीखाली, मान वर करून. भाऊ दगडांपाशी, भुवयांपर्यंत पांढरा. आमच्या घरचे गहू वहिनीने सकाळीच धुऊन, वाळवून, पितळी डब्यात आणून ठेवले होते. पण भावाचा नियम पक्का आहे. गिऱ्हाईक आधी, आपलं शेवटी.

पहिली उडी लाल झेंड्याची. पाय फळीच्या पुढे पडला. मी झेंड्याकडे पाहिलंच नाही, तो वाळूतून कसा उठतो ते पाहिलं. उजव्या पायावर जोर देऊन उठला. डावा नंतर आणला.

पायरीवरच्या एका बाईने विचारलं, उडी तर चांगली लांब गेली, मग लाल कशाला. मी सांगितलं की रेषा ओलांडली की धरत नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या सुनेसारखं. केलेलं दिसतं, धरलं काहीच जात नाही." बायका हसल्या. सूनही तिथेच बसलेली होती, तीही हसली. भावाने तिचा डबा उचलून वरच्या टोपल्यात ओतला.

मग टीव्हीवाल्यांनी अडथळ्यांची शर्यत दाखवायला घेतली. लांब उडीचं हे असंच असतं. कुणी पळायला लागलं की उड्या मारणाऱ्यांना विसरतात. परत आले तेव्हा दुसरी फेरी अर्धी संपली होती आणि त्याची उडी होऊन गेली होती. पांढरा झेंडा मिळाला होता, पण अंतर कमी. यादीत नाव नववं. आठवा आणि नववा यांच्यात एक आडवी रेघ होती आणि तो रेघेच्या खाली.

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिने ते पोर वाढवलंय. म्हणाली, "तो मोजे वर ओढतोय सारखा. दुखतं तेव्हा तसं करतो." मी म्हटलं, पट्टी असेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. वहिनीचा हा गुण मला फार सोयीचा वाटतो.

तिसरी उडी. ही गेली तर शिबिर गेलं, एवढं गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ही उडी घेताना काय फाटू शकतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. तो धावपट्टीच्या टोकाला उभा राहिला. बाजूला घड्याळ उलटं चालू होतं. एका मिनिटाच्या आत निघावं लागतं. तो एकदा मागे झुकला, टाच टेकली, पुढे आला आणि निघाला. मी त्याचा डावा पाय सोडून काहीही पाहत नव्हते. फळी, आणि मग तो वर. वाळूत पडला, पुढे लोळला. पांढरा झेंडा.

तिकडे मोजत होते. गिरणी चालू होतीच. मग आकडा आला आणि त्याचं नाव खालून सुटलं ते वर वर जात तिसऱ्या जागी थांबलं.

किराणावाल्याने भावाला मिठी मारली आणि स्वतः पांढरा झाला. कोणीतरी पेढे आणायला पळालं. आबांनी टोपी काढून परत घातली. मी टीव्हीकडे बघत होते. तो कॅमेऱ्याकडे बघून हसला, हात वर केला, आणि दोन पावलं लंगडला. तिसऱ्या पावलाला सावरलं. आठात आलास, मी मनात म्हटलं, आता बस खाली.

आणि तो खरंच खाली बसला. चौथ्या फेरीत त्याच्या नावापुढे नुसती एक छोटी रेघ आली. पाचवीतही. त्याने अंगावर जाकीट चढवलं होतं, पाय लांब करून बाकावर बसला होता. पण उडी अशी सोडून देता येते, त्याला पास म्हणतात, हे गिरणीत कोणाला माहीत नव्हतं. एकाला वाटलं टीव्हीवाल्यांची चूक. दुसऱ्याला वाटलं आपल्या देशावर अन्याय. आबांना राहवेना.

"बठ्ठा उड्या मारी राहिनात, आपला पोऱ्या काबर बठेल शे?"

मी म्हटलं, आबा, दमला असेल, तिसरा आहे, कशाला उगाच. आबांना ते पटलं नाही. तिसरा आलेला माणूस दुसरा यायला बघतो, बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचं खानदान बसणारं नाही, हेही त्यांनी जोडलं. स्वतः ते सकाळपासून खुर्चीतून उठले नव्हते.

पाचव्या फेरीच्या शेवटाकडे एका उंच पोराने उडी मारली. साधीच वाटली. आकडा आला आणि आमचं नाव एक पायरी खाली सरकलं. बोटभर अंतराने. माझ्या करंगळीएवढ्या. तिसरा म्हणजे पदक. चौथा म्हणजे काही नाही.

एव्हाना गिऱ्हाइकांचं दळण संपलं होतं. डबे भरून तयार होते, पण उठून कोणी गेलं नव्हतं. भावाने आपला पितळी डबा घेतला, कपाळाला लावला आणि आमचे गहू टोपल्यात ओतले. आबांची मूठ, भावाची मूठ, चुलत भावांच्या, त्यांच्या पोरांच्या, आणि त्या टीव्हीतल्या पोराची. दगडांनी ते धरले.

सहावी फेरी. कॅमेरा बाकावर गेला. तो उठत होता. जाकीट काढलं. बुटांचे बंद आवळले.

मी वहिनीचा हात धरला असं ती नंतर म्हणाली. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी मनात त्याला दवाखान्यातल्या आवाजात सांगत होते, झोप, उठायचं नाही. तिकडे तो धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या, सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. गिरणीतही बायका टाळ्या वाजवायला लागल्या. भाऊ दगडाला टेकून उभा, हात टोपल्याच्या काठावर, डोळे वर. घड्याळ सुरू झालं.

तो उभा राहिला. एकदा मागे झुकला, टाच टेकली. निघाला नाही. परत उभा. घड्याळ अर्ध्यावर आलं. पुन्हा झुकला. टाळ्या जोरात. आबा "नीघ, नीघ" म्हणत होते, हळू, बैलाला म्हणावं तसं. तो घड्याळाकडे बघत होता. दहा राहिले, मग पाच, आणि तो तसाच. शून्य झालं आणि पंचाने लाल झेंडा वर केला. त्याने वाकून धाव मोजायला धावपट्टीच्या कडेला लावलेली आपली खूण उपटली, ती मुठीत धरली आणि बाहेर चालू लागला.

तेव्हा मला वास आला. दवाखान्यात हाड कापतात तेव्हा येतो तसा, कोरडा, जळका. आणि मग आवाज. टोपलं केव्हाच रिकामं झालं होतं आणि दगडावर दगड फिरत होता. माझा भाऊ कळत्या वयापासून गिरणीत आहे. टोपल्यात मूठभर राहिलं की तो पाठ करून उभा असला तरी त्याला आवाजावरून कळतं. गिरणी रिकामी फिरवणं हे त्याच्या लेखी गुन्ह्यासारखं. त्याने झेप घेऊन स्टार्टर बंद केला. पट्टा फडफडत थांबला. सकाळपासून पहिल्यांदा टीव्हीचा आवाज ऐकू आला, आणि त्यात कोणीतरी इंग्रजीत विचारत होतं की या खेळाडूने उडी का घेतली नाही.

तेच गिरणीतही सगळे विचारायला लागले. घाबरला, कोणी म्हणालं. पाय मोडला म्हणावं तर उभा तर होता की, दुसरं कोणी. पिठाच्या डब्यात हात घालून भावाने चिमूट काढली, बोटांत चोळली. पीठ करडं झालं होतं आणि त्यात दगडाची कच होती. सगळ्यांच्या मुठी एकत्रच दळल्या गेल्या होत्या, वेगळं काढण्यासारखं काही नव्हतं.

मग मी सांगितलं. मांडी, फोन, खडा मारल्यासारखं, आठात आला की थांबायची अट. सगळं, मोठ्याने, एकदाच, म्हणजे परत परत सांगायला लागू नये. भावाने हात झटकले.

"तुले माहीत व्हतं?"

"हो."

"आनि माले नही सांगं."

"नाही."

पुढे भांडण होईल म्हणून बायका डबे उचलायला लागल्या. भांडण झालं नाही. भावाने वरचा दगड उघडला, टाकी आणि हातोडी घेतली आणि खाली बसून दगडाच्या घासलेल्या जागा टोचायला लागला. तो ठक ठक आवाज मी घरात भाज्या चिरताना ऐकत होते. माझ्यावर जेवढं ओरडायचं होतं तेवढं त्याने दगडाला सांगितलं, असा मी अर्थ लावला. चुकीचाही असेल. दगडाला टाकी लावायला लागणारच होती.

खराब पीठ वहिनीने फडक्यात बांधून पांझरा नदीत सोडून दिलं. दुसरे गहू धुऊन पंख्याखाली सुकवले. आबांनी परत मुठी मोजल्या, एकेक नाव घेत. भाच्याच्या नावाशी ते थांबले. त्यांचा राग गेलेला नव्हता. आत दगडाशी बसलेला भाऊ उठून आला, आबांच्या पुढून परात ओढली आणि ती मूठ स्वतः भरली. त्याचा पंजा मोठा आहे. आबा म्हणाले, ही दोघांची झाली. भाऊ म्हणाला, होऊ दे.

आमची गिरणी बंद, म्हणून ते गहू दुसऱ्या गल्लीतल्या गिरणीत न्यावे लागले. वहिनी निघाली होती, भावाने डबा तिच्या हातातून घेतला. धुळ्यातला एक गिरणीवाला दुसऱ्या गिरणीवाल्याच्या रांगेत डबा घेऊन उभा राहिला, तेही कानबाईच्या आदल्या संध्याकाळी. लोकांनी टोमणे मारले असणार. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला की त्यांचा दगड जाड दळतो.

भाचा त्या रात्री फोनवर आईशी बोलला, माझ्याशी बोलला. बापाला दे म्हणाला नाही आणि बाप मागायला आला नाही. पुढे त्याला आणखी एका देशात उडी मारायला जायचं होतं. ते रद्द झालं. मी सोमवारी कानबाईला नदीवर वाटेला लावून जळगावला परतले, आणि त्याच आठवड्यात तो दिल्लीहून गाडीने जळगाव स्टेशनवर उतरला, पाठीला पिशवी, हातात काठी. सरळ आमच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. स्नायू फाटलेला होता, पुरता नाही. विश्रांती, व्यायाम, काही महिने उडी नाही. शिबिरातून त्याला निरोप आलेला होता, जागा राहील, बरा होऊन ये.

मी पट्टी बांधताना विचारलं, अट काय होती आपली.

"आठात आलो की थांबायचं."

"मग उठलास कशाला?"

"बोटभर होतं, आत्या."

"मग थांबलास कशाला?"

तो म्हणाला, निघायच्या आधी मागे झुकतो ना, तेव्हा टाचेवर वजन येतं. तिथेच कळलं. दुसऱ्यांदा झुकून पाहिलं, तेव्हाही तेच.

उडी मारली असती तर काय झालं असतं, हे मला लोक अजून विचारतात. सिस्टर म्हणून विचारतात. मला माहीत नाही. कदाचित पुरता फाटला असता, कदाचित पदक मिळालं असतं, कदाचित दोन्ही. असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा पगार मला मिळत नाही.

पौर्णिमा अजून व्हायची होती. मी त्याला धुळ्याला सोडायला गेले. गिरणी चालू होती, दगड नव्याने टाकवलेला, आवाज जरा खरखरीत. भावाने लेकाला पाहिलं, काठी पाहिली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बसला. वहिनीने ताटात रोट आणि वाटीत खीर आणली. त्याच्या नावच्या मुठीचं पीठ तिने शेवटपर्यंत मागे ठेवलं होतं, भाऊबंद मागत होते तरी. शिबिरात असल्यामुळे किती वर्षांत त्याला कानबाईचा रोट मिळाला नव्हता. मी पायरीवर बसून चहा घेतला.

भावाने एक दळण पुरं केलं. टोपल्यात हात घालून तळ चाचपून पाहिला, हे तो पूर्वी करत नसे. मग मोटर बंद केली आणि लेकाकडे न बघता बोलला.

"उभा व्हता तवय काय देखत व्हता?"

"घड्याळ."

"मी बी तेच," भाऊ म्हणाला, आणि पुढचा डबा उचलला.